कॉम्प्युटर वारंवार बंद पडतो? आधी नेटवर्कचा ड्रायव्हर तपासा

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि तोवर लाल चोपड्यांवर चालणाऱ्या पेढ्यांनाही कॉम्प्युटर घेणे भाग पडले. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात ५० हजार रुपयांवरचा माल पाठविण्यासाठी ई-वे बिल सक्तीचे झाले आणि २५ मे २०१८ पासून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही ते आले. आता मालेगावचे कोरे कापड पाली-बालोत्र्याला प्रोसेससाठी निघायचे असो की भिवंडीच्या गाठी दुसऱ्या राज्यात जायच्या असोत, कॉम्प्युटर चालल्याशिवाय गाडी हलत नाही. ट्रक भरून उभा आहे, मुनीम आकडे भरत आहे, आणि तेवढ्यात पडदा निळा होतो. त्यावर इंग्रजीत काहीतरी उमटते, वाचेपर्यंत नाहीसे होते आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू होतो. अर्ध्या तासाने तोच प्रकार. हा अनुभव आमच्या पुष्कळ व्यापारी बांधवांना आहे.

या दुखण्यावर बाजारात चार उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, व्हायरस आला. दुसरे, व्होल्टेजची भानगड आहे. तिसरे, रॅम गेली. आणि चौथे, जे शेवटी हमखास येते, फॉरमॅट मारावा लागेल. ही चारही कारणे खरी असू शकतात. परंतु न तपासता सांगितलेले कारण म्हणजे नब्ज न पाहता दिलेली पुडी. एसएमपीएस बदलला जातो, रॅम बदलली जाते, फॉरमॅट होते, दोन-अडीच हजारांची पावती फाटते आणि चौथ्या दिवशी पडदा पुन्हा निळा होतो. मग मालकाला वाटते, यंत्रच जुने झाले, नवे घ्यावे.

प्रत्यक्षात अनेकदा यंत्राला काहीही झालेले नसते. दोष असतो तो नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एका लहानशा प्रोग्राममध्ये. तो फुकट मिळतो आणि बदलायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मात्र दोष तिथेच आहे हे आधी सिद्ध करता आले पाहिजे. त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. मागावर धागा वारंवार तुटू लागला की जॉबर आधी पाहतो, धागा दर वेळी एकाच ठिकाणी तुटतो की वेगवेगळ्या. इथेही हाच प्रश्न विचारायचा आहे.

हा ड्रायव्हर कोण?

हा ड्रायव्हर ट्रकवरचा नव्हे. कॉम्प्युटरच्या मागे जिथे नेटची केबल लावतो तिथे आत एक चिप असते. तिला लॅन कार्ड म्हणतात. पूर्वी ते वेगळे कार्ड असे, हल्ली मदरबोर्डवरच बसवलेले असते. ही चिप कोणत्या कंपनीची आहे, तिला हुकूम कसा द्यायचा, तिच्याकडून आलेली माहिती कुठे ठेवायची, हे विंडोजला आपण होऊन कळत नाही. विंडोज आणि चिप यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो. उर्दूत ज्याला तर्जुमान म्हणतात तोच हा ड्रायव्हर. प्रिंटरचा वेगळा, आवाजाचा वेगळा, पडद्याचा वेगळा, वायफायचा वेगळा.

आता प्रश्न असा, की टॅली अडकली तर फक्त टॅली बंद होते, मग ड्रायव्हर चुकला तर सारा कॉम्प्युटर का कोसळतो? पेढीचेच उदाहरण घ्या. बैठकीवर आलेल्या गिऱ्हाइकाला चक्कर आली तर त्याला उचलून बाहेर नेतात, दुकान चालू राहते. परंतु आत तिजोरीपाशी बसलेला, सगळ्या किल्ल्या हाती असलेला माणूसच भ्रमिष्टासारखा वागू लागला तर मालक क्षणाचाही विचार न करता शटर खाली ओढतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर ही बैठकीवरची मंडळी. ड्रायव्हर हा तिजोरीपाशी बसणारा. विंडोजच्या ज्या आतल्या भागाला कर्नेल म्हणतात तिथे त्याची जागा असते. तो भलत्याच जागी हात घालतो आहे असे दिसताच विंडोज स्वतःहून सर्व काम थांबवते, कारण पुढे चालू ठेवले तर डिस्कवरचा हिशेबच खराब व्हायचा. निळा पडदा म्हणजे ते खाली ओढलेले शटर. लोक त्याला आजार समजतात, परंतु खरे पाहता ती विंडोजने केलेली खबरदारी आहे.

सगळ्या ड्रायव्हरांत नेटवर्कचा ड्रायव्हर अधिक धोक्याचा, कारण त्याला उसंत नसते. केबलवरून माहितीचे लहान लहान तुकडे सतत येत असतात. ते आले की चिप प्रोसेसरला टोकते, हातातले काम टाकून हे घे म्हणते. मोठी फाईल जात-येत असेल तर असे सेकंदाला हजारो वेळा घडते. अशा टोकण्याच्या क्षणी ड्रायव्हरने फक्त रॅममध्ये हजर असलेल्या माहितीलाच हात लावायचा, असा विंडोजचा नियम आहे. त्याने जर डिस्कवर काढून ठेवलेली किंवा आधीच मोकळी केलेली जागा मागितली, तर ती आणून देण्यासाठी थांबण्याची त्या वेळी मुभा नसते. मग शटर पडते. त्या पडद्यावर जे लांबलचक इंग्रजी नाव येते, ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, त्याचा मतलब एवढाच आहे. याचा क्रमांक डी-१.

ड्रायव्हरच्या पातळीवरची लहानशी चूक केवढे रूप घेते हे जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रामसाठी एक सदोष फाईल पाठवली. त्या कंपनीचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये बसलेला होता. ती फाईल वाचताच तो चुकला आणि मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेल्या आकड्यानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो नेटवर्कचा ड्रायव्हर नव्हता, परंतु शटर पडण्याची रीत तीच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दुरुस्तीसाठी कोणाला रॅम बदलावी लागली नाही. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाईल काढली की काम भागत होते.

पडद्यावरची गवाही

पहिले काम, कॉम्प्युटरला आपोआप पुन्हा सुरू होण्यापासून रोखणे. नाहीतर पडदा वाचायलाच मिळत नाही. शोधाच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ लिहावे, उघडलेल्या खिडकीत ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’चे बटण दाबावे आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकावी. यानंतर पडदा पडला की तो तसाच राहतो. मोबाईलने फोटो घ्यावा आणि मगच बटण दाबून कॉम्प्युटर बंद करावा. इंग्रजी कच्चे असले तरी बिघडत नाही. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. तो मजकूर समजून घ्यायचा नसतो, अक्षर न् अक्षर जुळवून पाहायचा असतो.

फोटोत दोन गोष्टी शोधायच्या. एक ‘स्टॉप कोड’, म्हणजे कोसळण्याचे नाव. दुसरी ‘व्हॉट फेल्ड’, म्हणजे कोणती फाईल फसली. ही दुसरी ओळ दर वेळी येत नाही, पण आली तर अर्धे काम झाले. फाईलच्या नावाचा शेवट ‘डॉट सिस’ असा असेल तर ती बहुधा ड्रायव्हरची फाईल. रिअलटेकच्या केबलवाल्या चिपच्या फाईलचे नाव साधारणपणे ‘आरटी’ या अक्षरांनी सुरू होते आणि इंटेलच्या वायफायचे ‘नेटडब्ल्यू’ने. विंडोज ११ मध्ये २०२५ सालच्या सुधारणेनंतर हा पडदा निळ्याऐवजी काळा येतो. रंग बदलला, मजकूर तोच.

डी-१ खेरीज आणखी दोन कोड नेटवर्क ड्रायव्हरच्या दुखण्यात दिसतात. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ हा बहुधा कॉम्प्युटर झोपेतून उठताना किंवा बंद होताना येतो. विंडोजने सर्वांना झोपा किंवा उठा म्हटले आणि एकाने ऐकलेच नाही, असा तो प्रकार. ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडवून धरला. हे कोड इतर ड्रायव्हरांमुळेही येतात, म्हणून केवळ कोडवरून इल्जाम ठेवू नये, फाईलचे नावही पाहावे.

इथे एक धोक्याची सूचना. ‘एनडीआयएस डॉट सिस’, ‘टीसीपीआयपी डॉट सिस’ किंवा ‘एनटीओएसकेआरएनएल’ अशी नावे दिसली तर ती खुद्द विंडोजच्या फाईलींची आहेत. चोरी ज्या घरात झाली त्या घराचा हा पत्ता आहे, चोराचे नाव नव्हे. एनडीआयएस हा सर्व नेटवर्क ड्रायव्हरांना सांभाळणारा विंडोजचा भाग. तो फसलेला दिसला तर त्याच्या हाताखालच्या ड्रायव्हरवर संशय घ्यावा. अँटिव्हायरस आणि व्हीपीएनचे प्रोग्रामही नेटवर्कच्या वाटेत आपला एक नाकेदार बसवतात. तोही फसू शकतो. दोन अँटिव्हायरस एकाच कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्यांनी आधी त्यांतला एक काढावा आणि मग बाकीचे पाहावे.

फोटो घ्यायचा राहिला तरी नोंद राहते. ‘विंडोज’ फोल्डरमध्ये ‘मिनीडंप’ नावाचे फोल्डर असते. प्रत्येक कोसळण्याची एक लहान फाईल तिथे साठते. निरसॉफ्टचा ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हा फुकट प्रोग्राम त्या फाईली उघडून तारीख, कोड आणि संशयित ड्रायव्हर एका तक्त्यात दाखवतो. मायक्रोसॉफ्टचा ‘विनडीबीजी’ याहून खोलात जातो, परंतु तो जाणकाराने वापरावा. सामान्य व्यापाऱ्याला आमच्या मते सर्वांत उपयोगी आहे ती ‘रिलायबिलिटी हिस्टरी’. शोधाच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ लिहिले की ती सापडते. रोजनाम्यासारखी तारखांची पट्टी येते. ज्या दिवशी कॉम्प्युटर कोसळला त्या दिवशी लाल फुली, आणि त्याच पट्टीवर कोणत्या दिवशी विंडोजने कोणती सुधारणा उतरवून घेतली त्याचीही नोंद. ९ तारखेला नेटवर्कचा नवा ड्रायव्हर आला आणि १० तारखेपासून फुल्या सुरू झाल्या, असे दिसले तर वेगळा पुरावा शोधण्याची फारशी गरज उरत नाही.

वीज, उष्णता, रॅम की ड्रायव्हर?

आमच्या गावांत विजेवर संशय जाणे साहजिक आहे. पण विजेच्या दोषाची खूण वेगळी असते. वीज गेली, यूपीएसने धरले नाही किंवा एसएमपीएस कमजोर झाला, तर कॉम्प्युटर दिवा विझावा तसा एकदम बंद पडतो, निळा पडदा येतच नाही. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये अशा वेळी ‘कर्नेल पॉवर ४१’ ही नोंद असते आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य दिसतो. ड्रायव्हरमुळे कोसळले तर ४१ सोबत ‘१००१’ क्रमांकाची ‘बगचेक’ची नोंदही बहुधा सापडते. नुसती ४१ पाहून ‘पॉवर’ शब्दावर जाऊ नये. ती नोंद फक्त एवढेच सांगते, की मागच्या खेपेस कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता.

उष्णतेची खूण म्हणजे दुपारी, बराच वेळ काम झाल्यावर बंद पडणे, आणि तेही बहुधा पडद्याविना. कारखान्याला लागून ऑफिस असेल तर कापसाचे तूस पंख्यात जाऊन बसते आणि जाळीवर नमदा तयार होतो. कॅबिनेट उघडून ब्लोअरने तो काढावा. ड्रायव्हर चांगला असो वा नसो, ही सफाई दर दोन-तीन महिन्यांनी व्हायलाच हवी.

रॅमचा दोष ओळखायला जॉबरचा तोच नियम लावावा. रॅम खराब असेल तर कोसळणे बेभरवशाचे असते. आज एक कोड, उद्या दुसरा, परवा तिसरीच फाईल. ड्रायव्हर खराब असेल तर दर वेळी तोच कोड आणि तीच फाईल. पाच फोटोंत पाचही वेळा एकच नाव आले असेल तर रॅम विकत घेण्याची घाई करू नये. शंका राहिलीच तर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ रात्री लावून ठेवावे. ते विंडोजमध्येच असते आणि फुकट आहे.

आमच्या परिचयातील एका कोऱ्या कापडाच्या पेढीचे उदाहरण देतो. तीन कॉम्प्युटर, टॅलीचा डेटा मालकाच्या कॉम्प्युटरवर, बाकी दोन त्याला केबलने जोडलेले. मालकाचा कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा कोसळे. वीजवाला झाला, रॅम झाली, शेवटी फॉरमॅट झाले. फॉरमॅटनंतर दीड दिवस सुखात गेला आणि पुन्हा तेच. सर्वांनी मान्य केले की मदरबोर्ड गेला. पण कोणी एक साधी गोष्ट विचारली नव्हती, की कोसळतो केव्हा? मुनीम आपल्या जागेवरून वर्षभराचे खाते उघडी तेव्हा, आणि संध्याकाळी डेटाची नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवली जाई तेव्हा. जुम्म्याला कारखाने बंद, मुनीम सुट्टीवर. मालक एकटा बसून दिवसभर बिले करी, त्या दिवशी एकदाही नाही. म्हणजे केबलवरून भरपूर माहिती वाहू लागली की शटर पडत होते. पडद्याचा फोटो घेतला तर नाव नेटवर्क चिपच्या ड्रायव्हरचे. आणि फॉरमॅटनंतर दीड दिवस का चालला? कारण नव्या विंडोजसोबत आधी साधा, जुना ड्रायव्हर बसला होता. पुढे विंडोजने आपोआप तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा उतरवून घेतला. मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा आधीचा ड्रायव्हर बसवला, आपोआप बदल बंद केला, आणि तो कॉम्प्युटर आजही त्याच मदरबोर्डवर चालतो आहे.

औषधापूर्वी एक चाचणी

संशय आहे पण खात्री नाही, अशा वेळी एक स्वस्त उपाय आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘नेटवर्क ॲडाप्टर्स’खाली जे लॅन कार्ड दिसते त्यावर उजवे बटण दाबून ‘डिसेबल’ करावे. नेटसाठी मोबाईल यूएसबी केबलने जोडावा आणि मोबाईलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. आता इंटरनेट येते, पण वेगळ्या ड्रायव्हरच्या हातून. जो कॉम्प्युटर रोज कोसळत होता तो असे तीन-चार दिवस न कोसळता चालला, तर दोष लॅनच्या ड्रायव्हरात किंवा त्या चिपमध्ये आहे, हे ठरले. पेढीतले दुसरे कॉम्प्युटर या काळात टॅलीला जोडले जाणार नाहीत. तेवढी गैरसोय सोसावी. कोसळणे चालूच राहिले तर लॅनला निर्दोष सोडून दुसरीकडे पाहावे. ही चाचणी सुरू असताना ई-वे बिल अडवून ठेवण्याचे कारण नाही. ते पोर्टलवर तयार होते, त्यामुळे त्याच नावाने आणि पासवर्डने दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरवरून काढता येते. नोंदवलेला मोबाईल तेवढा ओटीपीसाठी जवळ असावा.

दुरुस्ती

काहीही करण्यापूर्वी टॅलीच्या डेटाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल ही नक्कल नव्हे. व्हाउचर जतन होत असतानाच कॉम्प्युटर कोसळला तर कंपनीचा डेटा बिघडू शकतो. टॅलीत ‘रिपेअर’ची सोय आहे, तीही नक्कल घेतल्यानंतरच वापरावी. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. कॉम्प्युटर कोसळला होता, हे उत्तर तिथे चालत नाही. आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचा ३-बी २० तारखेला हुकला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते, कर राहिला असेल तर वर व्याजही.

नव्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोज ११ मध्ये डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. सेफ मोड किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर ते ४८ अंकी किल्ली मागते. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने कॉम्प्युटर सुरू केला त्यात ठेवलेली असते. अनेक दुकानांत हे खाते विकणाऱ्या पोराने स्वतःच्या ई-मेलवर उघडून दिलेले असते. आजच तपासा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी अनेक कंपन्यांची दुरुस्ती याच किल्लीपायी रखडली होती.

आता ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डावर दोनदा क्लिक केले की ‘ड्रायव्हर’ नावाच्या पानावर त्याची तारीख आणि आवृत्ती दिसते. ती लिहून घ्यावी. कोसळणे नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाले असेल तर तिथेच ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबावे, जुना परत येतो. हे बटण फिके दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे. मग मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल शोधून तिथला ड्रायव्हर घ्यावा. मॉडेल कळत नसेल तर ‘डिटेल्स’ पानावर ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. त्यात ‘व्हीईएन’नंतर ‘१०ईसी’ असेल तर चिप रिअलटेकची, ‘८०८६’ असेल तर इंटेलची. नवा ड्रायव्हर आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा आणि मगच जुना ‘अनइन्स्टॉल’ करावा. जुना काढला की नेट गेले, मग नवा कुठून आणणार? अनइन्स्टॉल करताना जुन्या ड्रायव्हरची फाईलही काढायची का, असे विचारणारी चौकट येते. तिथे खूण करावी, नाहीतर विंडोज तोच पुन्हा बसवते.

यानंतर ‘शट डाउन’ करून कॉम्प्युटर सुरू करू नये, ‘रीस्टार्ट’ करावा. हा फरक थोड्यांनाच माहीत आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर कर्नेल पूर्णपणे बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व नव्याने सुरू होते. रात्री बंद केला, सकाळी चालू केला, तरी दोष तसाच, याचे एक कारण हे असते.

झोपेतून उठताना कोसळणाऱ्या कॉम्प्युटरसाठी लॅन कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढावी. विंडोजने ड्रायव्हर पुन्हा बदलू नये म्हणून ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ निवडावे आणि ‘ऑप्शनल अपडेट्स’मधल्या ड्रायव्हरांना हात लावू नये. ‘तुमचे ३७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे सांगून घाबरवणारे फुकट प्रोग्राम आम्ही आमच्या पेढीवर बसवू देत नाही. चालत असलेला ड्रायव्हर केवळ जुना आहे म्हणून बदलण्यात अर्थ नाही. भलत्याच ठिकाणाहून घेतलेला ड्रायव्हर म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली.

विंडोज सुरूच होत नसेल तर सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातून ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन ४ दाबले की साधा सेफ मोड मिळतो. त्यात लॅनचा ड्रायव्हर चालवलाच जात नाही. ५ दाबले तर नेटवर्कसह सेफ मोड. चारमध्ये चालतो आणि पाचमध्ये कोसळतो, हीसुद्धा एक गवाहीच आहे.

नवा ड्रायव्हर, जुना ड्रायव्हर, दोन्ही बसवून तोच पडदा येत असेल तर चिप बिघडलेली असू शकते. गल्लीतून वरून ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून पावसाळ्यात विजेचा झटका आत येतो आणि पहिला घाव या चिपवर बसतो. तरीही मदरबोर्ड बदलण्याची गरज नाही. बायोस सेटिंगमध्ये जाऊन मदरबोर्डवरचे लॅन बंद करावे आणि यूएसबीला लावायचा लॅन ॲडाप्टर किंवा आत बसवायचे वेगळे कार्ड घ्यावे. दोन्ही काही शे रुपयांपासून मिळतात. घेताना आपल्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर कंपनी देते की नाही ते विचारावे, विशेषतः ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांनी. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आणि नव्या कार्डांचे ड्रायव्हर त्यासाठी क्वचितच निघतात. जो ड्रायव्हर नीट चालला त्याची फाईल पेन ड्राइव्हवर ठेवून, आवृत्ती आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कॅबिनेटवर चिकटवावी. पुढच्या खेपेस कोणी फॉरमॅट मारायला आला, तर आधी ती त्याच्या हातात द्यावी.